माथाडी कायदा आणि ‘मालक कोण?’ हा प्रश्न : असंघटित श्रमाच्या संरक्षणाचे एक विवेचन

सारांश

भारतातील बहुतेक कामगार कायदे ‘एक मालक व त्याचा कायम कामगार’ या नात्यावर उभे आहेत. ज्याला निश्चित मालक नाही, असा कामगार त्यामुळे संरक्षणाबाहेर राहतो. महाराष्ट्राने १९६९ साली केलेल्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने या अडचणीवर वेगळा मार्ग काढला. मालक शोधत बसण्याऐवजी मजुरीचा पैसा एका त्रिपक्षीय मंडळामार्फत वळवून त्याने अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालास भविष्य निर्वाह निधी, उपदान व पगारी रजा मिळवून दिली. प्रस्तुत लेखात या कायद्याची पार्श्वभूमी, कार्यपद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले असून, नव्या श्रमसंहिता व ॲपद्वारे चालणारे रोजगार यांच्या संदर्भात त्याचे महत्त्व तपासले आहे.

बीजशब्द : माथाडी कामगार, असंरक्षित कामगार, त्रिपक्षीय मंडळ, लेव्ही, कामगार संघटना, श्रमसंहिता, गिग कामगार.

प्रस्तावना

भारतातील कामगार कायद्यांची उभारणी प्रामुख्याने कारखाना डोळ्यांसमोर ठेवून झाली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा कारखाने कायदा व १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा हे या परंपरेतील महत्त्वाचे टप्पे होत. कारखान्याच्या दारावर मालकाची पाटी असते, आत हजेरीपट असतो आणि पगाराच्या दिवशी रक्कम कोणी द्यावयाची याविषयी संशय नसतो. या गृहीत चित्रात बसणाऱ्या कामगारास कायद्याने बरेच काही दिले. परंतु देशातील श्रमशक्तीचा फार मोठा भाग या चित्रात कधीच बसला नाही. २००४ साली नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार असंघटित स्वरूपाच्या रोजगारात असल्याचे दाखवून दिले होते.

उदारीकरणानंतरच्या काळात कंत्राटी पद्धतीचा झालेला विस्तार आणि अलीकडे मोबाईलवरील ॲपद्वारे मिळणारी कामे यांमुळे हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. केंद्र सरकारने २९ कामगार कायद्यांचे चार संहितांत एकत्रीकरण केले. वेतनसंहिता २०१९ साली, तर औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या तीन संहिता २०२० साली संमत झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता अमलात आणल्या गेल्या. या संहितांवरील चर्चेत कामगार कपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांपर्यंत नेणे, संपासाठी आगाऊ नोटिशीची सक्ती करणे यांसारख्या मुद्द्यांना साहजिकच प्राधान्य मिळाले. मात्र ज्याला कपात करणारा मालकच दाखवता येत नाही, त्या कामगाराचे काय, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. महाराष्ट्राने या प्रश्नाला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दिलेले उत्तर म्हणून माथाडी कायद्याकडे पाहावे लागते.

लेखाची उद्दिष्टे

१. मालक-कामगार नाते ठरविण्याच्या न्यायालयीन कसोट्या व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२. माथाडी कायद्याची पार्श्वभूमी व मंडळाची कार्यपद्धती विशद करणे.
३. कल्याण मंडळ आणि रोजगाराचे नियमन करणारे मंडळ यांतील फरक मांडणे.
४. ॲपद्वारे काम करणाऱ्या कामगारांच्या संदर्भात या अनुभवाचा उपयोग तपासणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून कायद्यांतील तरतुदी, न्यायनिर्णय व प्रकाशित माहिती यांवर आधारलेला आहे.

मालक-कामगार नाते : न्यायालयीन कसोट्या

एखादी व्यक्ती ‘कामगार’ आहे की स्वतंत्र व्यावसायिक, हे ठरविण्याचा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५७) मिठागरात काम करणारे आगरी हे कामगार आहेत काय, असा वाद होता. त्यांना मिठाच्या मोजमापावर मोबदला मिळे आणि ते स्वतःच्या मदतीला माणसेही लावीत. तरीही कामाच्या पद्धतीवर कंपनीचे नियंत्रण व देखरेख आहे, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानले. ‘नियंत्रण व देखरेख’ ही कसोटी यातून दृढ झाली.

पुढे हुसेनभाई खटल्यात (१९७८) न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ही कसोटी व्यापक केली. कामगारांच्या श्रमातून ज्याच्या व्यवसायासाठी वस्तू निर्माण होते आणि ज्याच्या हाती त्यांच्या उपजीविकेची आर्थिक सूत्रे असतात, तोच खरा मालक होय, मध्ये कंत्राटदार उभा केला तरी त्यात फरक पडत नाही, असा या निर्णयाचा आशय होता.

परंतु ही दिशा कायम राहिली नाही. एअर इंडिया स्टॅट्युटरी कॉर्पोरेशन खटल्यात (१९९६) कंत्राटी पद्धत रद्द झाल्यावर कंत्राटी कामगार मूळ मालकाचे कामगार ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया खटल्यात घटनापीठाने तो निर्णय रद्द ठरविला. कंत्राट हे केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तरच कामगारास मूळ मालकाकडे हक्क सांगता येईल, अशी भूमिका त्यात घेतली गेली.

या सर्व कसोट्यांत एक समान धागा आहे. संरक्षण मिळविण्यासाठी कामगाराने प्रथम आपला मालक सिद्ध केला पाहिजे. हा भार साधा नाही. हातावर पोट असलेला मजूर नियुक्तीपत्र, हजेरीपट वा वेतनचिठ्ठी कोठून आणणार? शिवाय दिवसाला पाच ठिकाणी काम करणाऱ्याच्या बाबतीत तर एकही मालक पूर्णपणे मालक नसतो. तेथे कसोटी कितीही उदारपणे लावली तरी उत्तर हाती लागत नाही.

माथाडी कामगार आणि बाजारपेठ

डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी, असा या शब्दाचा अर्थ आहे. मुंबईतील मस्जिद बंदर व दाणाबंदर येथील धान्य-किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार आणि गोदी परिसर ही त्याची कामाची ठिकाणे होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतील, विशेषतः डोंगराळ व कोरडवाहू भागांतील तरुण गावची शेती पुरत नसल्याने मुंबईस येत आणि टोळीत सामील होत.

टोळी हे या व्यवसायाचे मूळ एकक होय. मालगाडी, ट्रक वा जहाजातून आलेला माल उतरविणे, वाहणे, थप्पी लावणे, तोलणे, पुन्हा भरणे ही कामे टोळी करी. मजुरी नगावर वा वजनावर ठरे. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात, सायंकाळी वाहतूकदाराच्या ट्रकवर असा तिचा दिवस जाई. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. वाहतूकदार म्हणे, माल व्यापाऱ्याचा आहे. मजुरीची रक्कम टोळीवाला वा मुकादमाच्या हाती पडे आणि त्यातील किती हमालापर्यंत पोहोचेल हे त्याच्या मर्जीवर राही. पोते अंगावर पडून मणका दुखावला तर भरपाई कोणाकडे मागावयाची, याचे उत्तर नव्हते. शरीर थकले की कमाई संपे. निवृत्तिवेतन, रजा वा निधी यांचा प्रश्नच उद्भवत नसे.

कायद्याची पार्श्वभूमी

या कामगारांना संघटित करण्याचे कार्य मुंबईत अण्णासाहेब पाटील (१९३३-१९८२) यांनी केले. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेबांना हमालीच्या कामाचा प्रत्यक्ष परिचय होता. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून याच वर्गाला एकत्र आणले. दोन्ही प्रवाहांची राजकीय धाटणी भिन्न होती. मात्र हमाल हा भिकारी वा याचक नसून कामगार आहे, हा आग्रह दोघांचाही होता.

संघटनांच्या दबावामुळे राज्य शासनाने १९६५ साली माथाडी, हमाल व तत्सम श्रमिकांना कामगार कायद्यांचे लाभ देता येतील काय हे तपासण्यासाठी समिती नेमली. १९६७ च्या तिच्या अहवालातून प्रचलित कायदे या वर्गास पुरेसे संरक्षण देत नाहीत, हे स्पष्ट झाले. त्यानंतर वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९६९ साली, माथाडी कायदा अस्तित्वात आला.

या कायद्याला एक पूर्वोदाहरण होते. मोठ्या बंदरांतील गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ साली रोजगार नियमनाचा कायदा केला होता. जहाज आले तर काम, नाही तर नाही, या अनिश्चिततेवर उपाय म्हणून गोदी कामगार मंडळांकडे नोंदणी व कामवाटपाची जबाबदारी देण्यात आली. माथाडी कायद्याने तीच कल्पना गोदीच्या भिंतीबाहेर, शेकडो लहानमोठ्या व्यापाऱ्यांच्या खुल्या बाजारात आणली. या दृष्टीने तो अधिक धाडसी होता.

कायद्यातील दोन व्याख्या मर्मभूत आहेत. पहिली ‘असंरक्षित कामगार’ ही होय. हा कायदा नसता तर प्रचलित कायद्यांनी ज्याला पुरेसे संरक्षण मिळाले नसते असा अंगमेहनतीचे काम करणारा कामगार, असा तिचा आशय आहे. दुसरी व्याख्या मालकाची आहे. कंत्राटदारामार्फत काम करून घेतले असल्यास मूळ मालक हाच मालक समजला जातो. त्यामुळे मध्यस्थ पुढे करून जबाबदारी टाळण्याची वाट कायद्यानेच अरुंद केली. हा कायदा सर्व अंगमेहनतीला सरसकट लागू होत नाही. अनुसूचीत नमूद केलेल्या रोजगारांसाठी शासन योजना तयार करते व त्यानुसार मंडळे स्थापन होतात. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड व पोलाद बाजार, भाजीपाला बाजार, रेल्वे मालधक्के अशा व्यवसायनिहाय व जिल्हानिहाय मंडळांची रचना यातून उभी राहिली.

मंडळाची कार्यपद्धती

मंडळावर मालक, कामगार व शासन या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी असतात आणि मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची संख्या समान असते. मंडळाचे कार्य चार टप्प्यांत समजून घेता येईल.

पहिला टप्पा नोंदणीचा होय. मालक व कामगार या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. नोंदणीमुळे कामगारास ओळख मिळते आणि मालकावर कायदेशीर दायित्व येते. दुसरा टप्पा कामाच्या नोंदीचा. कोणत्या टोळीने कोणाकडे किती काम केले आणि ठरलेल्या दराने किती मजुरी झाली, याची नोंद ठेवली जाते. दर वाटाघाटीतून ठरतात व मंडळाच्या देखरेखीखाली लागू होतात. तिसरा टप्पा पैशाचा. मालक मजुरीची रक्कम व त्यावरील लेव्ही ठरलेल्या मुदतीत मंडळाकडे भरतो, आणि मंडळ मजुरी कामगाराच्या खात्यावर जमा करते. चौथा टप्पा लाभांचा. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, पगारी रजा, सानुग्रह रक्कम, वैद्यकीय मदत आणि मंडळाचा प्रशासकीय खर्च भागविला जातो.

लेव्हीचा दर मंडळागणिक वेगवेगळा असतो. केवळ कार्यपद्धती समजण्यासाठी तो ३५ टक्के आहे, असे गृहीत धरू. दहा जणांच्या टोळीने महिनाभरात तीन व्यापाऱ्यांकडे अनुक्रमे ९०,०००, ६०,००० व ५०,००० रुपयांचे काम केले. एकूण मजुरी २,००,००० रुपये झाली. तिघे व्यापारी या मजुरीबरोबर अनुक्रमे ३१,५००, २१,००० व १७,५०० रुपये, म्हणजे एकूण ७०,००० रुपये लेव्ही मंडळाकडे भरतील. मजुरीची वाटणी समान धरल्यास प्रत्येक कामगाराच्या वाट्याला २०,००० रुपये मजुरी आणि त्याच्या लाभांसाठी ७,००० रुपयांची तरतूद होते. या हिशेबात ‘हा कामगार तिघांपैकी कोणाचा?’ हा प्रश्न कोठेही विचारावा लागत नाही. ज्याने जेवढे काम करून घेतले, त्याने तेवढ्या प्रमाणात सामाजिक सुरक्षेचा भार उचलला. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या कामातून एक सलग नोकरी आकारास येते ती अशी.

मालकाने रक्कम थकविल्यास ती निश्चित करून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा अधिकार कायद्यात आहे. एकेकट्या हमालाने न्यायालयात जाऊन मजुरी मागणे आणि मंडळाने वसुली करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचप्रमाणे कामगार नुकसानभरपाई कायद्याचे संरक्षणही या कामगारांना देण्यात आले. पोत्याखाली जायबंदी झालेल्या हमालाचा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला.

कामगार संघटनेची भूमिका

केवळ कायद्याच्या पुस्तकातून हे बदल घडले असते, असे मानणे योग्य ठरणार नाही. नोंदणी टाळणाऱ्या व्यापाऱ्यास मंडळाच्या कक्षेत आणणे, दरांचे करार घडवून आणणे, मंडळावर प्रतिनिधी पाठविणे आणि टोळ्यांतील वाद मिटविणे ही कामे संघटनांनी केली. पूर्वी टोळीवाल्याच्या हाती असलेली सत्ता काही अंशी संघटनेकडे व काही अंशी मंडळाकडे गेली. पुण्याच्या हमाल पंचायतीने मजुरीबरोबरच ओझ्याच्या वजनाचाही प्रश्न लावून धरला. शंभर किलोच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचे पोते असावे ही मागणी हमालाच्या आयुर्मानाशी निगडित होती. ‘कष्टाची भाकर’ सारख्या उपक्रमातून स्वस्त व सकस जेवणाची सोय झाली. मुंबई व नवी मुंबईत माथाडी संघटनांच्या पुढाकाराने पतसंस्था, रुग्णालय व घरकुलांच्या योजना उभ्या राहिल्या.

येथे कारखान्यातील संघटना व माथाडी संघटना यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्यातील संघटना एका व्यवस्थापनाशी वाटाघाटी करते. औद्योगिक संबंध संहितेतही ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता देण्याची तरतूद आस्थापनेच्या चौकटीतच विचार करते. माथाडी संघटनेचे क्षेत्र मात्र संपूर्ण बाजारपेठ हे असते. एका गाळ्यावर दर घसरला तर तो सर्वत्र घसरेल, याची जाणीव तिला ठेवावी लागते. मालक अनेक असताना सामूहिक सौदा कसा करावा, याचा हा महत्त्वाचा नमुना आहे.

व्यवस्थेच्या मर्यादा

माथाडी व्यवस्थेचे मूल्यमापन करताना तिच्या उणिवा दृष्टिआड करता येत नाहीत.

पहिली उणीव नोंदणीच्या मर्यादित दारातून निर्माण होते. मंडळाकडे नोंदलेला कामगार सुरक्षित होतो, परंतु त्याच बाजारात त्याच्या शेजारी राबणारा बिगरनोंदीत मजूर जुन्याच स्थितीत राहतो. संरक्षणाची भिंत जितकी उंच, तितका तिच्या आत व बाहेर असणाऱ्यांतील फरक मोठा होतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाखाली, प्रत्यक्ष काम न करता, दमदाटीने पैसे उकळण्याचे प्रकार घडल्याच्या तक्रारी उद्योजकांनी सातत्याने केल्या. केरळातही १९७८ च्या हेडलोड कामगार कायद्यानंतर नुसते पाहत उभे राहण्याचे पैसे, म्हणजे ‘नोक्कु कूली’, हा वादाचा विषय झाला. अशा खंडणीखोरीने सर्वाधिक हानी खऱ्या कष्टकऱ्याची होते, कारण त्यामुळे कायद्याची नैतिक प्रतिष्ठाच धोक्यात येते. २०२३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात मांडलेल्या सुधारणा विधेयकाच्या समर्थनार्थ हेच कारण पुढे करण्यात आले. माथाडी संघटनांनी मात्र त्या विधेयकास तीव्र विरोध केला. खंडणीविरोधी कारवाई फौजदारी कायद्याने करावी, त्यासाठी कामगारांचे संरक्षण पातळ करू नये, हा विरोधाचा गाभा होता.

तिसरी मर्यादा बदलत्या अर्थव्यवस्थेतून येते. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलविण्यात आले, तेव्हा कामगारही त्यांच्यामागे गेले. परंतु कंटेनर, फोर्कलिफ्ट व मोठी खाजगी गोदामे यांमुळे माथ्यावरच्या ओझ्याचे कामच घटत चालले आहे. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आल्यावर समितीच्या आवाराबाहेरील व्यापारास वाट मिळाली. यंत्राच्या साहाय्याने होणारे काम अंगमेहनतीचे मानावयाचे किंवा नाही, हा वाद त्यामुळे केवळ शाब्दिक राहत नाही. त्यावर कायद्याची व्याप्ती अवलंबून आहे.

कल्याण मंडळ आणि नियमन मंडळ

माथाडी कायद्यानंतर देशात व राज्यात असंघटितांसाठी अनेक मंडळे झाली. तथापि ‘मंडळ’ हा शब्द सारखा असला तरी त्यांचे स्वरूप सारखे नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदे झाले. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर गोळा करून त्यातून कल्याणकारी लाभ देण्याची ही व्यवस्था होती व तिची तत्त्वे आता संहितांत समाविष्ट झाली आहेत. उपकर मोठ्या प्रमाणावर जमा झाला, परंतु तो कामगारापर्यंत पोहोचला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयात या स्थितीविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली. याचे कारण रचनेतच शोधता येते. पैसा बांधकामाच्या खर्चावर गोळा होतो, विशिष्ट कामगाराच्या मजुरीवर नव्हे. त्यामुळे कोणत्या रुपयावर कोणाचा हक्क, हे ठरत नाही. नोंदणीसाठी कामगाराने मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे सिद्ध करावे लागे, म्हणजे पुन्हा मालकाच्या दाखल्याचा प्रश्न येई.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे प्रथमच कायदेशीर ओळख मिळाली, ही त्याची जमेची बाजू आहे. परंतु चार घरी काम करणाऱ्या बाईच्या वेतनावर त्या घरांनी लेव्ही भरण्याची सक्ती नसल्याने मंडळाची आर्थिक शक्ती क्षीण राहिली.

याउलट माथाडी कायद्याचे तत्त्व खाजगी सुरक्षा रक्षकांना लागू करणारा १९८१ चा महाराष्ट्राचा कायदा रोजगाराच्या नियमनाचा आहे. तमिळनाडूनेही १९८२ साली श्रमजीवी कामगारांसाठी रोजगार नियमनाचा कायदा केला.

यावरून कोणत्याही मंडळास चार प्रश्न विचारून त्याचे स्वरूप ओळखता येते. मालकाची नोंदणी होते काय? मजुरीचा पैसा मंडळाच्या नजरेखालून जातो काय? कामाचा दर ठरविण्यात कामगार प्रतिनिधींना स्थान आहे काय? थकबाकी वसूल करण्याची शक्ती मंडळाकडे आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर ते नियमन मंडळ होय. अन्यथा ते मदत वाटणारे कल्याण मंडळ ठरते. मदत आवश्यक असतेच, परंतु ती अनुदानावर व शासनाच्या इच्छेवर अवलंबून राहते. माथाडीच्या खात्यावरील निधी हा मात्र त्याच्या श्रमातून निर्माण झालेला हक्क असतो.

ॲपद्वारे काम करणारे कामगार

निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटी होईल, असा अंदाज आहे. खाद्यपदार्थ वा किराणा घरपोच देणारे तरुण व ॲपवर नोंदलेले वाहनचालक यांचे माथाडीशी असलेले साम्य ठळक आहे. मजुरी नगावर, काम अनिश्चित, एकाच दिवशी दोन-तीन कंपन्यांसाठी खेपा, आणि ‘हे आमचे कर्मचारी नव्हेत, भागीदार आहेत’ हे कंपन्यांचे उत्तर. दाणाबंदरातील व्यापाऱ्याचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना ‘वर्कर’ या श्रेणीचे हक्क मान्य केले. तो मार्ग कसोटीचा, म्हणजे मालक सिद्ध करण्याचा होय. भारतात सामाजिक सुरक्षा संहितेने दुसरा मार्ग स्वीकारला. या कामगारांना कर्मचारी न मानता, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतके अंशदान सामाजिक सुरक्षा निधीस द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात कामगारास मिळणाऱ्या रकमेवर प्रत्येक व्यवहारामागे एक ते पाच टक्के कल्याण शुल्क आकारण्याची, तसेच कामावरून दूर करण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना देण्याची तरतूद आहे.

या कायद्यांना वरील चार प्रश्न लावले असता चित्र स्पष्ट होते. कंपन्यांची नोंदणी होते. व्यवहारागणिक शुल्क हे लेव्हीचेच नवे रूप आहे आणि ज्या कामाच्या नोंदीसाठी माथाडी मंडळास वह्या व हिशेबनीस लागत, ती नोंद ॲपमध्ये आपोआप होते. त्यामुळे पैशाच्या प्रवाहावर लक्ष ठेवणे पूर्वीपेक्षा सुलभ आहे. परंतु तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. खेपेचा दर कंपनी एकतर्फी ठरविते व बदलते. दर निम्मा झाला तर त्यावरील पाच टक्के शुल्कही निम्मे होते. दरावर कोणाचेही नियंत्रण नसताना केवळ शुल्काची टक्केवारी वाढविणे हे गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. शिवाय माथाडीच्या लेव्हीच्या तुलनेत एक ते पाच टक्के हे प्रमाण अल्प असून त्यातून भविष्य निर्वाह निधी वा उपदानासारखे लाभ उभे राहणे कठीण आहे.

आणखी एक भेद आहे. माथाडी कामगार एका बाजारात, एका टोळीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. त्यातून संघटना उभी राहिली. ॲपचा कामगार शहरभर विखुरलेला असतो. कायद्याने मंडळावर समान प्रतिनिधित्व दिले तरी ते निभावणारी संघटना असल्याशिवाय ती जागा कागदावर राहण्याचा संभव आहे.

उपाययोजना

१. गिग कामगारांसाठीच्या राज्य मंडळांवर कामगार व कंपन्या यांचे समान प्रतिनिधित्व असावे आणि किमान दर ठरविण्याचा विषय त्यांच्या कार्यकक्षेत आणावा.
२. शुल्क कामगाराच्या वैयक्तिक खात्याशी जोडावे, म्हणजे अनेक कंपन्यांकडील कामाचे लाभ एकत्र साठत जातील.
३. घरेलू व बांधकाम कामगारांच्या मंडळांचे स्वरूप टप्प्याटप्प्याने नियमनाकडे न्यावे.
४. माथाडी मंडळांतील नोंदणी पारदर्शक करून बिगरनोंदीत मजुरांना प्रवेश द्यावा आणि खंडणीखोरीवर स्वतंत्र फौजदारी कारवाई करावी.
५. यंत्राचा वापर वाढला तरी माल हाताळणारा कामगार संरक्षणातून वगळला जाऊ नये, अशी व्याख्या असावी.

समारोप

माथाडी कायद्याचे वैशिष्ट्य त्याने दिलेल्या लाभांच्या यादीत नाही. तसे लाभ कारखान्यातील कामगारास त्यापूर्वीच मिळत होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, ‘मालक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर सापडेपर्यंत कामगारास ताटकळत न ठेवता, ज्याने श्रम घेतले त्याने सुरक्षेचा वाटा द्यावा, हे तत्त्व त्याने व्यवहारात आणले. नव्या संहितांनी व काही राज्यांच्या कायद्यांनी या तत्त्वाचा पहिला भाग, म्हणजे अंशदान, स्वीकारला आहे. परंतु दर ठरविण्यातील सहभाग व संघटित प्रतिनिधित्व हा दुसरा भाग अद्याप बाजूलाच आहे. दुसऱ्या भागाविना पहिला भाग हा हक्क न राहता मदत होऊन बसतो. पाठीवर पिशवी घेऊन दारोदार जाणाऱ्या आजच्या तरुणाच्या उतारवयाची तरतूद होईल किंवा नाही, हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या भागाचा स्वीकार होतो की नाही यावर ठरणार आहे.